राखीव कपाटवाले सर

माणूस राखीव कपाटात ठेवता येतो का, हा प्रश्न ग्रंथपालाच्या परीक्षेत विचारत नाहीत. मला तो नोकरीत विचारला गेला, तोही सोमवारी सकाळी, मी पदर खोचून टेबल पुसत होते तेव्हा. विचारणारे आमचे लोकसंगीताचे सर. नाव मुद्दाम सांगत नाही. शिरूरपासून दौंडपर्यंत त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, आणि नाव छापून आलं तर माझ्याशी आठवडाभर बोलायचे नाहीत.

आधी आमचं ग्रंथालय सांगते, म्हणजे सरांचा उपद्व्याप नीट कळेल. आमचं विद्यापीठ नवं, खाजगी, शिरूरच्या बाहेर माळावर बांधलेलं. त्यातल्या संगीत विभागाचं ग्रंथालय म्हणजे एक लांबट खोली, आणि तिची मालकीण मी. माझ्या टेबलामागं राखीव कपाट. सत्र सुरू व्हायच्या आधी प्रत्येक शिक्षकानं आपल्या पेपरला लागणारं साहित्य माझ्याकडं आणून द्यायचं. ते घरी न्यायला मिळत नाही. विद्यार्थ्यानं ओळखपत्र माझ्याकडं ठेवायचं, दोन तास तिथंच बसून वाचायचं नाहीतर ऐकायचं, आणि परत करायचं. उशीर झाला तर दंड. प्रती थोड्या आणि पोरं जास्त, म्हणून ही सोय.

सर म्हणायचे, "मॅडम, हे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यासारखंच की."

मी म्हणायचे, "अजिबात नाही. रुमाल टाकणारा जागा अडवून बसतो. इथं मी कुणाला अडवू देत नाही."

मी तशी नियमाची बाई. घरी फ्रीजमधल्या डब्यांवरसुद्धा तारीख लिहिते. माझा नवरा म्हणतो, एक दिवस मलाही शिक्का मारशील. तर अशा बाईच्या नशिबी हे सर आले.

सर दौंडचे. वडील रेल्वेत होते, त्यामुळं सगळं बालपण रुळांच्या शेजारी गेलेलं. रोज जुन्या मोटारसायकलवर दौंडहून यायचे, हेल्मेटच्या आत गात गात. हेल्मेटमध्ये आवाज छान घुमतो असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं पोचल्यावरही हेल्मेट काढायचे नाहीत, कडवं संपेपर्यंत पार्किंगमध्ये तसेच उभे. वॉचमन नवा होता तेव्हा त्यानं घाबरून मला फोन केला होता, "मॅडम, यहाँ एक आदमी सर पे टोप डाल के रो रहा है." मी म्हटलं, रडू दे, आपलाच आहे.

नमस्कार करायची सवय त्यांना नव्हतीच. समोर येईल त्याला विचारायचे, "आज येताना काय ऐकलं?" पोरं म्हणायची, काही नाही सर. "काही न्हाई कसं? बहिरा हायस का तू?" मग त्या पोराला पुन्हा फाटकापर्यंत पाठवायचे, काहीतरी ऐकून ये म्हणून. एकदा विभागप्रमुखांनाही विचारलं. ते पुण्याहून गाडीनं येतात, काचा बंद, एसी चालू. ते बिचारे म्हणाले, "ट्रॅफिक." सरांनी लगेच विचारलं, "कुठल्या लयीत?" त्यानंतर कितीतरी दिवस विभागप्रमुख मागच्या जिन्यानं वर जायचे.

उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यानं गाणी लावलेले ट्रॅक्टर जायला लागतात. दुसरे शिक्षक खिडक्या लावून घेतात. सर शिकवणं थांबवायचे आणि म्हणायचे, "थांबा, त्याचं म्हणणं ऐकून घेऊ." ट्रॅक्टर लांब जाईपर्यंत सगळा वर्ग गप्प. माझ्या ग्रंथालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, आणि नेमके तिच्याखाली उभे राहून सर टेबलावर बोटांनी ठेका धरायचे. मी डोळे वटारले की बोटं मांडीवर जायची. मांडीवरून ठेका बुटात उतरायचा. बुटाकडं बघितलं की म्हणायचे, "मॅडम, आता श्वास बी बंद करू का?"

पहिल्या वर्षी त्यांनी राखीव कपाटासाठी एक कापडी पिशवी आणली. आत टवका उडालेली झांज आणि एक कॅसेट. कॅसेट होती त्यांच्या शेजाऱ्याकडच्या गोंधळाची. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात, आणि त्यात गोंधळी कमरेला संबळ बांधून वाजवतात. ही दोन लहान नगाऱ्यांची जोडी, काड्यांनी वाजवायची. मी नोंद करायला घेतली.

"कलाकार कोण?"

"आप्पा. इनामगावच्या बाजूचे हायती. आन् मधी एक कुत्रं हाय."

"कुत्र्याची नोंद आम्ही करत नाही, सर."

"करा मॅडम. कुत्रं भुंकल्यावर आप्पा लय बदलत्यात. तिथंच तर शिकायचं हाय."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न आला, ‘कुत्रे भुंकण्यापूर्वीच्या व नंतरच्या लयीतील फरक स्पष्ट करा.’ परीक्षा विभागातून मला फोन, की बाई, हे छपाईत काही घुसलंय का? मी म्हटलं, नाही, कुत्रं अभ्यासक्रमात आहे, माझ्याकडं राखीव आहे.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, आणि मग एके दिवशी आमच्या टेपनं ती कॅसेट खाल्ली. शेवया बाहेर याव्यात तशी सगळी फीत बाहेर आली. सरांनी ती पेन्सिलीनं गुंडाळायचा प्रयत्न केला, पण मधून तुटलेलीच होती. आता घोडं असं अडलं की सरांचा पेपर संबळाचा, आणि संबळावर पाठ्यपुस्तक नाही. दुसऱ्या पेपरांना जाडजूड ग्रंथ आहेत, ह्या पेपरला एक झांज उरली, तीही फुटकी. विभागप्रमुख माणूस वाईट नव्हेत, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "सर, कपाटात मटेरिअल नसेल तर पेपर बंद होईल. माझ्या हातात नाही."

सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास शिकवाल तेवढीच नोकरी, आणि दर वर्षी नवा आदेश. पेपर गेला की तेही गेले. पण मला माहीत आहे, त्यांना नोकरीचं तेवढं नव्हतं. हा पेपर अभ्यासक्रमात यावा म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं पुण्याला हेलपाटे घातले होते. त्या आठवड्यात ते हेल्मेट हातात घेऊन चालत आत आले, गाणं न म्हणता.

आणि मग तो सोमवार.

"मॅडम, हे राखीवला घ्या."

मी पिशवी शोधत होते. पिशवी नव्हती. सरांच्या मागं पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पटका, कमरेला संबळ असे एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

"काय घेऊ?"

"आप्पा."

मी म्हटलं, "सर, माणूस राखीव ठेवत नाहीत."

"कुठं लिहिलंय?"

आता नियमाच्या बाईला असं विचारू नये. मी नियमांची फाईल काढली. त्यात होतं, पुस्तकं, स्वरलिप्या, ध्वनिमुद्रणं, वाद्यं व इतर अध्ययनसाहित्य. मी त्या ‘इतर’कडं बघत बसले. आप्पा उभ्या उभ्या कंटाळले असावेत. म्हणाले, "बाई, ठिवा की. सांच्याला घरी सोडा म्हंजी झालं. म्हस पिळायची असती."

मी त्यांना क्रमांक दिला. आता क्रमांक दिला की चिकटवावा लागतो. मी चिठ्ठी घेऊन पुढं झाले तसे आप्पा मागं सरकले. "माझ्या अंगावर नगं. बिल्ला बैलाला मारत्यात. संबळाला लावा." मग संबळाला लावली. कपाटाशेजारी एक खुर्ची टाकली, आणि राखीव साहित्य तिच्यावर बसून तंबाखू मळायला लागलं. तंबाखूवरून आमचं पहिल्याच दिवशी वाजलं, पण खिडकीबाहेर थुंकायचं नाही एवढ्यावर मिटलं.

पहिले काही दिवस पोरं नुसती हसायला यायची. मग बसायला लागली. आप्पांना ग्रंथालयामागच्या अडगळीच्या खोलीत न्यायची, जिथं मोडक्या बाजाच्या पेट्या ठेवल्या होत्या. तरी संबळाचा आवाज भिंती फोडून यायचा. शेवटी मी ‘शांतता राखा’ची पाटी काढून उलटी करून ठेवली. निदान तिची तरी अब्रू राहावी.

आप्पांना सगळ्यात जास्त न्यायची ती पूनम. सणसवाडीची. तिचे वडील बिहारहून कंपनीत कामाला आलेले, सगळं कुटुंब भाड्याच्या खोलीत. ती मराठी बोलायची छान, पण घाईत असली की हिंदी निसटायचं. काउंटरवर ओळखपत्र टाकायची आणि म्हणायची, "मॅडम, आप्पा दीजिए ना, दोन तास." आप्पा मला म्हणायचे, "ही पोरगी काय बोलती ते मला कळत न्हाई, पर ऐकती चांगली."

मग तपासणीची कमिटी आली. बाहेरच्या विद्यापीठातल्या एक बाई आणि एक गृहस्थ, सोबत आमचे विभागप्रमुख. दुसऱ्या शिक्षकांचे कप्पे बघितले, गच्च भरलेले. सरांच्या कप्प्यापाशी आले तर झांज आणि शेजारी रिकामी खुर्ची.

बाईंनी विचारलं, "इथलं साहित्य कुठंय?"

"इश्यू झालंय," मी म्हटलं.

"कधी येईल परत?"

"मुदत होऊन गेली. मी दंड लावलाय."

"पण आहे कुठं ते?"

सर दारात उभे होते. म्हणाले, "म्हशीच्या बाळंतपणाला."

झालं होतं असं की आप्पांच्या घरून फोन आला, म्हैस अडलीय. सर तासावर, मी विभागप्रमुखांकडं. पूनमनं मागचापुढचा विचार न करता राखीव साहित्याला संबळासकट स्कूटीवर बसवलं आणि नेलं इनामगावच्या रस्त्यानं. कमिटीतल्या बाई चष्मा काढून हसत सुटल्या. पण ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी भिंतीवर बोट दाखवलं. तिथं माझ्याच अक्षरात नियम लावला होता, ‘राखीव साहित्याच्या किमान दोन प्रती असाव्यात.’

"ह्यांची दुसरी प्रत कुठंय?" त्यांनी विचारलं. आवाजात कुचेष्टा नव्हती, खरंच विचारत होते. "हे गृहस्थ वयस्कर आहेत. उद्या त्यांना यायला जमलं नाही तर हा पेपर कशावर चालणार?"

आप्पांचा मुलगा कंपनीत शिफ्टवर, त्यानं संबळाला कधी हात लावलेला नाही. दुसरं कुणी शिकलेलं नाही. बाईंनी सरांना विचारलं, "तुम्हीच का नाही?"

"माझा हात तेवढा न्हाई," सर म्हणाले. खाली बघत.

पुढच्या तपासणीपर्यंत दुसरी प्रत, नाहीतर पेपर बंद. असं ठरून कमिटी जेवायला गेली. मला त्या माझ्याच नियमाचा इतका राग आला की कागद फाडून टाकावासा वाटला. सर मात्र तो कागद बराच वेळ वाचत होते. म्हणाले, "मॅडम, बरोबर लिहिलंय हो तुम्ही. एकाच प्रतीवर कसं चालंल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आप्पांना विचारलं, पूनमला शिकवाल का? आप्पांनी कानावर हात ठेवले. बाईमाणसानं संबळाला हात लावायचा नाही, आमच्यात कधी झालं नाही, होणार नाही. पूनमचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, आता सर वाद घालतील. त्यांनी आप्पांना चहा दिला, आणि पूनमला बाजूला घेऊन सांगितलं, "संबळाला हात लावू नगंस. आप्पा वाजवत्यात तवा समोर बसून नुसती टाळी दे. आन् जरा चुकीची दे."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. जगात चुकीचं शिका असं सांगणारा दुसरा शिक्षक मी पाहिला नाही.

पूनम रोज दोन तास आप्पांना घ्यायची आणि समोर बसून वाकडीतिकडी टाळी द्यायची. आप्पा आधी दुर्लक्ष करायचे. मग कपाळाला आठ्या. मग माझ्याकडं तक्रार, "बाई, ह्या पोरीला दुसरं कायतरी वाचाया द्या." मी म्हटलं, तिच्याकडं कार्ड आहे, मी नाही म्हणू शकत नाही. शेवटी एक दिवस मागच्या खोलीतून ओरडणं ऐकू आलं, "आगं काय कुटतीयास? दे हिकडं हात." मी दारातून डोकावले. आप्पांनी तिचं मनगट धरून टेबलावर ठेका दाखवायला सुरुवात केली होती. सर माझ्या मागं उभे होते. त्यांच्या बुटात ठेका सुरू झाला.

टेबलावरून मग मोडक्या पेटीवर, पेटीवरून संबळावर. आप्पा मला बजावून सांगायचे, "मी शिकवत न्हाई बरं का, नुसती चूक काढतोय." मी मान डोलवायचे. चूक काढायला नियमात बंदी नव्हती. पूनमची आई एकदा सणसवाडीहून बघायला आली, पोरीच्या हाताला घट्टे कशानं पडले म्हणून. दाराशी उभी राहिली, ऐकलं, आणि डोक्यावरचा पदर सावरून आप्पांच्या पाया पडली. दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळलं नसेल.

पुढच्या तपासणीला तेच गृहस्थ, त्याच बाई. खुर्चीवर आप्पा बसले होते, शेजारी पूनम उभी, संबळ तिच्या कमरेला. ती वाजवायला लागली. सर खोलीत थांबलेच नाहीत, जिन्यात जाऊन बसले. वाजवून झालं तेव्हा बाईंनी आप्पांना विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?"

आप्पांनी पटका सारखा केला. म्हणाले, "मला आठवड्यातनं दोन दीस सुट्टी द्या. हिला बसवा खुर्चीवर."

ते गृहस्थ हसले, मला तेव्हा पहिल्यांदा दिसले हसताना. पेपर वाचला. नुसता वाचला नाही, कायमचा झाला. माझा जीव भांड्यात पडला. जिन्यात जाऊन सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "कळलं मला. शेवटी टाळ्या वाजल्या न्हाईत, सगळे गप हुते, तवाच कळलं."

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पेपर कायमचा झाला की नियमही कायमचे लागतात. कायमच्या पेपरला शिक्षक पदव्युत्तर पदवीचा, पात्रता परीक्षा झालेला लागतो. सर नुसते बी.ए., वर गायनवादनाच्या खाजगी परीक्षा. पूनमची एम.ए. झाली, पुढच्याच खेपेला पात्रता परीक्षाही झाली, आणि आदेश तिच्या नावानं आला. विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं. पूनम तर रडून रडून नको म्हणत होती. तिला सरांनीच दम देऊन सही करायला लावली.

मी सरांवर चिडले. सरळ विचारलं, "तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

"व्हय."

"मग कशाला एवढा जिवाचा आटापिटा केलात?"

"मॅडम, पेपर बंद झाला असता तरी मी घरीच जानार हुतो. पेपर चालू झाला तरी घरीच. मग म्हटलं, पेपर तरी ऱ्हाऊ दे."

हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले की माझं भांडणच संपलं. ते गेल्यावर मी काउंटरमागं बसून रडले. नोंद करायला आलेलं पोरगं बिचारं पुस्तक ठेवून पळालं.

जूनमध्ये नवीन सत्र सुरू झालं. काउंटरसमोर पोरांची रांग. मान खाली घालून मी कार्डं घेत होते. "मॅडम, आप्पा द्या," असं कुणीतरी म्हणालं. वर बघते तर सर, हातात हेल्मेट. राखीव साहित्य फक्त प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला मिळतं. मी मनात म्हटलं, चुलीत गेला नियम, आणि पावतीला हात घातला. तेवढ्यात त्यांनी काउंटरवर कार्ड ठेवलं. नवं कोरं, फोटोसकट, एम.ए. पहिलं वर्ष, लोकसंगीत.

"मी नियमानं आलोय," ते म्हणाले. "रांग मोडून न्हाई."

पूनमची पहिल्या तासाला काय अवस्था झाली ती तिनंच मला सांगितली. सर पहिल्या बाकावर. ती म्हणाली, सर, तुम्ही नका ना बसू असे. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हजेरी घ्या." वर्ग लोटपोट. पण तिनं हजेरी घेतली. सर उशिरा आले की त्यांनाही बाहेर उभं करायची. सर बाहेर उभे राहून ट्रॅक्टर ऐकायचे.

पहिल्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी सर पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्यासमोर. मी म्हटलं, "अरे वा. पहिला नंबर?"

"नापास."

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी निकालाचा कागद दाखवला. खाली पूनमची सही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसानं हिच्यासाठी आपलं सगळं सोडून दिलं त्याला नापास करायला हात तरी कसा धजला हिचा, असं मी बोलूनही दाखवलं. सरांनी मला बोलू दिलं. मग पुडा सोडून माझ्यापुढं सरकवला.

"मॅडम, माझ्या उजव्या हातात एक खोट हाय. लई वर्षांची. लय वाढली की काडी कणभर आधी पडती. ती आप्पांशिवाय कुणाला कवा कळली न्हाई. मला सुदिक ऐकू येत न्हाई, आप्पा सांगत्यात म्हणून ठावं. परवा मी परीक्षेला वाजवत हुतो. आप्पा नव्हतेच, त्यांची सुट्टी हुती. मधीच पूनमनं हात वर केला. म्हनली, सर, थांबा, काडी आधी पडतीय."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"घ्या पेढा," ते म्हणाले. "आता आप्पा दोन हायती."